उजवा कौल आणि यू-बोल्ट

जीपचा असा एकही सुटा भाग नाही, जो मी टाईप केलेला नाही! डिचोलीतल्या एका खाण कंपनीच्या कचेरीत बारा वर्षं मी मागणीपत्रंच टाईप करत होतो. स्प्रिंगचे पाटे सहा, शॉकअॅब्सॉर्बर चार, यू-बोल्ट नटांसह चोवीस. कागदावर मी इतक्या गाड्या सुट्या करून पुन्हा जोडल्या होत्या, की हातात पाना धरणं एवढंच काय ते बाकी होतं. म्हणून आमच्या स्वतःच्या जीपच्या यू-बोल्टाचे आटे गेले, तेव्हा मी घाबरलो नाही. उलट मनातून सुखावलोच.

गोवा राज्य झालं त्या वर्षीची, दिवाळीनंतरची ही गोष्ट. कचेरीत जुने छापील कागद संपलेले नव्हते, त्यामुळे मथळ्यातल्या दमण आणि दीववर मी रोज फुल्या मारत होतो. गावात मराठी की कोकणी हा वाद अजून गरम होता. आमच्या सर्वण गावच्या घरात मात्र तो कधीच मिटला होता. मी मराठीत बोलायचो आणि जानकी, म्हणजे माझी बायको, मला कोकणीत गप्प करायची.

तर जानकीच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कोलवाळच्या शाळेत नेत्रशिबिर भरलं होतं, तिथे. रविवारी तिला सोडणार होते आणि मी आधीच जाहीर करून टाकलं होतं, की सासूबाईंना मी माझ्या जीपमधून चोपड्याला त्यांच्या घरी पोचवणार. शुक्रवारी माझा मेव्हणा शंभू निरोप घेऊन आला. डॉक्टरांनी बजावलंय म्हणाला, आठ दिवस आईला जरासुद्धा धक्का बसता कामा नये, नाहीतर डोळा हातचा जाईल. एवढं सांगून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. दुसरा कोणी असता तर त्याने तिथेच माघार घेतली असती. मी त्याला म्हटलं, आईला सांग, पोटातलं पाणी हलणार नाही.

शंभू गेला आणि मी जीपखाली शिरलो. डावीकडच्या मागच्या पाट्याला ॲक्सलशी आवळून धरणारा जो यू-बोल्ट, त्याच्या एका टोकाचे आटे चेपून सपाट झालेले. नट दोन फेरे चढायचा आणि तिथेच अडायचा. पाटा असा सैल असला, तर जीप खड्ड्यात जाते तेव्हा आतला माणूस टपापर्यंत जाऊन येतो. जानकी बाजूला उभी होती. आईच्या डोक्याखाली घ्यायला म्हणून तिने जुन्या लुगड्याची उशी शिवायला घेतली होती. गाडी सरळ बाबलीच्या गॅरेजात टाका, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, घरी करतो. ती म्हणाली, तर मग देवाला विचारा.

आमच्याकडे मोठ्या कामाआधी देवाचा कौल घेतात. गुरव मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शनिवारी सकाळी जानकी मला घेऊन देवळात गेली. देव नको म्हणेल याची तिला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मलाही थोडी भीती होती. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की हा कृष्णनाथ जीप घरीच दुरुस्त करतो म्हणतो, तर करू दे की नको. पाकळ्या बराच वेळ हलल्या नाहीत. बहुतेक देवालाही यू-बोल्टाचा विचार करायला वेळ लागत असावा. मग उजवी पडली, अगदी टपकन. गुरव म्हणाला, स्वच्छ उजवा. जानकी घरी येऊन पुन्हा उशी शिवायला बसली.

आटे पुन्हा पाडायला डाय लागते. डाय म्हणजे आतून दाते असलेली पोलादी चकती. ती लांब दांड्यात बसवून बोल्टावर चढवायची आणि फिरवायची, म्हणजे चेपलेले आटे कापून नीट होतात. ती मी बाबलीकडून मागून आणली. बाबलीने गाडी इथेच सोड, संध्याकाळी घेऊन जा, असं दोनदा सांगून बघितलं. मी ऐकत नाही म्हटल्यावर त्याने डाय हातात ठेवली.

"एक फेरो उजवो, मागीर अर्दो डावो," तो म्हणाला. "कीस भायर पडूंक जाय. फकत उजवो फिरयत रावल्यार बोल्ट मोडटलो."

मी मान हलवली. प्रत्येक फेऱ्यानंतर अर्धा फेरा उलटा, म्हणजे कातलेला कीस बाहेर पडतो आणि बोल्ट मोडत नाही. पण रस्ताभर ते 'डावो' माझ्या डोक्यातून जाईना. सकाळी देवाने स्वच्छ उजवा दिलाय आणि दुपारी मी त्याच कामात डावीकडे वळायचं? तेही प्रत्येक फेऱ्याला? बाबली गाड्यांतला जाणकार, पण उजव्याच्या वर जाण्याएवढा नव्हे. मी ठरवून टाकलं, की डाय फिरेल ती उजवीकडेच. बोल्टावर तेल जरा जास्त घालू म्हणजे झालं.

दुपारी जेवण झालं. बांगड्याचं हुमण होतं, त्यामुळे भात जरा जास्तच गेला. त्या वेळी आमच्या वाड्यावर सगळी दारं लोटलेली असतात. कुत्रीसुद्धा भुंकायची ते चारनंतर. मी जीप चिऱ्यांवर चढवली, फणसाच्या सावलीत चटई टाकली, खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि पाठीवर झोपून डाय फिरवायला लागलो. उजवा. अजून एक उजवा. कातलेल्या लोखंडाचा बारीक करकर आवाज येत होता, वारा पडला होता, तेलाचा वास येत होता आणि फणसाच्या पानांतून ऊन माझ्या पोटावर डोलत होतं. डाय हळूहळू जड व्हायला लागली. माझ्या पापण्याही.

हात फिरत होता आणि जीप हळूच चिऱ्यांवरून उचलली गेली. मी चालवत होतो. मागच्या सीटवर सासूबाई मांडी घालून बसलेल्या. खाली आमोण्याची पिकलेली शेतं आणि आमची चाकं कणसांच्या हातभर वरून चाललेली. धक्का नाही, आवाज नाही. कापणी करणाऱ्या बायका कोयत्या थांबवून वर बघत होत्या. आमचा कचेरीतला साहेब बांधावर उभा राहून टोपी काढत होता. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने डोळ्यावरची पट्टी सोडली, खालची पिवळी शेतं बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि मला काहीतरी खूप चांगलं म्हणण्यासाठी तोंड उघडलं.

कट्ट!

दांडा छातीवर पडला होता. डायमध्ये बोल्टाचं दोन बोटं टोक घट्ट रुतून बसलेलं आणि उरलेला बोल्ट वर आपल्या जागी. सासूबाई काय म्हणणार होत्या ते राहूनच गेलं.

आवाजाने जानकी जागी झाली. दारात येऊन तिने काय मोडलं विचारलं. मी म्हटलं, मोडलं काही नाही, बोल्ट थोडा आखूड झाला. ती पायरीवर बसली. तिच्या मांडीवर ती उशी होती, नुकती शिवून झालेली. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उशीचे कोपरे सारखे करत राहिली आणि मला पहिल्यांदाच माझी लाज वाटली. डोळा तिच्या आईचा होता आणि हौस माझी.

मी बाबलीच्या घरी धावलो. तो झोपलेला. त्याची बायको गंगा दार अर्धवट उघडून म्हणाली, चारांक यो. मी म्हटलं, फार निकडीचं आहे. ती म्हणाली, निकडीचें जाल्यार सवाचारांक यो, चार वाजता त्यांना चहा लागतो. मी तिच्या ओट्यावर बसून राहिलो. साडेचारला बाबली माझ्याबरोबर आला, खाली वाकून मोडलेला बोल्ट बघितला आणि डावे फेरे मारले होते का विचारलं. मी त्याला कौलाचं सांगितलं. बाबलीने आधी देवळाच्या दिशेने हात जोडले.

"देवान तुका काम खंय करचें तें सांगलें," तो म्हणाला. "कशें करचें तें हांवें सांगिल्लें." म्हणजे काम कुठे करायचं ते देवाने सांगितलं होतं आणि कसं करायचं ते त्याने.

नवा यू-बोल्ट म्हापशाहून सोमवारीच मिळणार होता. रविवारी सकाळी आम्ही बसने कोलवाळला निघालो. आता काय करायचं ते मला सुचत नव्हतं. बसने आईला नेणं शक्य नव्हतं. आम्ही दोघं ज्या तऱ्हेने उडत होतो त्यावरून ते कळतच होतं. मी जानकीला विनवलं, की मला नीट शब्द सापडेपर्यंत मी आलोय हे आईला सांगू नकोस. ती हो म्हणाली.

शाळेच्या दारात शंभू उभा होता. जीप कुठे असं त्याने विचारलंसुद्धा नाही. आईचा हात धरून तो सरळ नदीवर घेऊन गेला आणि तिथे त्याची होडी बांधलेली होती, आत चटई अंथरून तयार. ओहोटी लागली होती. आता वल्हं मारायचंही फारसं काम नव्हतं, शापोरा नदीचं पाणीच आम्हाला चोपड्याला नेणार होतं. सासूबाईंच्या एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यात पिकत आलेला मोतीबिंदू, त्यामुळे त्यांना उजेड आणि सावली यापलीकडे काही दिसत नव्हतं. जानकीने उशी त्यांच्या डोक्याखाली सरकवली. मी त्यांच्या मागे बसलो आणि छत्री धरली.

काठावरचे माड सावकाश मागे जात होते. पाण्यावर ऊन पसरलं होतं. होडी चालतेय की नदी, कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने सासूबाई बोलल्या.

"बाये, जांवय रागार ना मगो?" त्यांनी विचारलं. "दोतोरान धक्क्याचें कांयच म्हणूंक ना. हांवेंच शंभूक तशें सांगूंक लायलें. तांच्या जीपींत बसपाचें म्हाका भंय दिसता. म्हटलें, धक्को म्हटल्यार आपणूच फाटीं सरतले."

म्हणजे डॉक्टरांची ती ताकीद सासूबाईंनीच रचली होती, मी आपणहून माघार घ्यावी म्हणून. शंभू एकाएकी मन लावून वल्हं मारायला लागला. जानकीने तोंड पाण्याकडे फिरवलं, पण तिचे खांदे हलताना मला दिसत होते.

"तांकां सांगूं नाका हां," सासूबाई म्हणाल्या. "वायट दिसतलें." मग त्यांनी विचारलं, "ही सत्री कोण धरता गो?"

जानकीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं.

"शंभूचो गडी," ती म्हणाली.

"बरो मनीस," सासूबाई म्हणाल्या. "हात मात्सोय हालना ताचो."

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. हात जरासुद्धा हलत नाही, हे सासूबाईंनी केलेलं माझं पहिलं कौतुक, आणि तेही गड्याच्या नावावर गेलं. मी छत्री आणखी घट्ट धरली.