दिवा लावलाय

मागच्या दाराची कडी आतून सरकल्याचा आवाज आला, तेव्हा कुशलच्या दोन्ही हातांत विराजचे लंगोट होते आणि दातांत कपड्यांचे दोन चिमटे.

पहिल्यांदा त्याला काही वाटलंच नाही. पोरगी खेळतेय, काढेल, म्हणून तो दोरीवरचं शेवटचं दुपटं ओढत राहिला. मग दार ढकलून पाहिलं. दार हललं नाही.

आत साडेतीन वर्षांची स्वरदा होती. साडीच्या झोळीत सात महिन्यांचा विराज झोपला होता. देव्हाऱ्यात दिवा जळत होता. शेगडीवर दूध होतं, आणि दुधाखालचा गॅस आपण बंद केला की नाही, हे कुशलला काही केल्या आठवेना. पुढच्या दाराची वरची कडी त्यानेच लावली होती, पोरगी रस्त्यावर जाऊ नये म्हणून. परसाची भिंतही त्यानेच दिवाळीत उंच करून घेतली होती, चोर येऊ नयेत म्हणून. फोन आत, सोफ्यावर. एकूण बंदोबस्त चोख होता, फक्त ज्याने केला तो बाहेर राहिला होता.

बायको, दीप्ती, दवाखान्यात नर्स. या आठवड्यात तिची पाळी रात्री दहापर्यंत. त्यातच कुशलच्या आईला भाचीच्या लग्नाला कळस गावी जायचं होतं. "जा बिनधास्त. दोनच तर लेकरं हायत, त्यातलं एक झोपलेलंच असतंय," असं कुशल मोठ्या तोंडाने म्हणाला होता. आजची ही दुसरीच संध्याकाळ.

"स्वरदू, कडी काढ बाळा."

"न्हाई."

"का गं?"

"दिवा लावलाय," आतून उत्तर आलं. "दिवा लावला की मागचं दार लावायचं. न्हाईतर लक्ष्मी जाती. आजी म्हणली."

आजी रोज तिन्हीसांजेला हेच करायची आणि नात तिचा पदर धरून बघायची. आता आजी गावाला गेल्यावर घरातली लक्ष्मी राखायचं काम आपल्याकडे आलं, हे पोरीने कुणी न सांगताच मनावर घेतलं होतं. सकाळी दात घासायला सांगितलं तर मात्र तिला ऐकू येत नसे.

"आजच्या दिवस जाऊ दे की लक्ष्मीला!" कुशल म्हणाला.

बाप असं बोलू शकतो, यावर आत विचार चालू असावा.

"आजीला नाव सांगीन," स्वरदा म्हणाली आणि तिची पावलं लांब गेली. पाठोपाठ झोळीचा हूक कुरकुरू लागला. आधी हळू, मग जोरात.

"स्वरदे! झोका देऊ नको!"

"बाळ उठलंय. मी बघती त्याला. तू नको काळजी करू."

हा हूक तपासून घ्यायचा म्हणून दीप्ती महिनाभर त्याच्या मागे लागली होती. कुशलने भिंतीकडे धाव घेतली, उडी मारून वरची कड धरली आणि घसरून खाली आला. पुन्हा उडी मारली. या वेळी कोपरही सोलवटलं. चोरांना ही भिंत चढता येणार नाही, याची मात्र खात्री पटली.

तेवढ्यात आत फोन वाजला. फोन उचलून स्पीकर लावायला स्वरदा चालायच्याही आधी शिकली होती.

"काय करती माझी सोनी?" कळसहून आजीचा आवाज आला. "पप्पा कुठं हाय?"

"भाईर गेलाय."

"भाईर? अन् बाळापाशी कोण?"

"मी."

कुशल दोन्ही मुठींनी दार बडवू लागला. "आई! तिला दार उघडायला सांग! ए आई!"

पण कळसला हळदीचा डीजे लागला होता. त्या धडधडाटात आजीला एवढंच उमगलं की लेकरं एकटी आहेत आणि कुणी बाप्या मागचं दार बडवतोय.

"अगं बया! स्वरदे, ऐक. दार अजाबात उघडू नको. चोर लई लबाड असत्यात. पप्पाचा आवाज काढत्यात, आजीचा बी काढत्यात. कुणी का म्हणंना, कडी काढायची न्हाय! मी दत्तोबाला धाडती."

दत्तोबा म्हणजे पलीकडच्या घरातले शेजारी, साखर कारखान्यात तीस वर्षं वॉचमनकी करून रिटायर झालेले. त्यांच्या बाजूने भिंतीला विटांचा ढीग लागून होता. पाचच मिनिटांत भिंतीवर आधी काठी दिसली, मग मिशा, आणि मग दत्तोबा अख्खेच परसात उतरले. अंधार पडत आला होता. काठीचा पहिला फटका कुशलच्या पोटरीवर बसला आणि मग ओळख पटली.

"आरं, कुशलराव तुमी? मग चोर कुठं हाय?"

"मीच तो," कुशल पोटरी चोळत म्हणाला.

सगळं ऐकल्यावर दत्तोबांनी आपल्या फोनवरून कळसला फोन लावला आणि तो दाराच्या फटीशी धरला.

"स्वरदे, उघड गं, मी आजी!"

"आजी कळसला हाय," आतून ठणकावून आलं. "हा चोर हाय. आजीनंच सांगितलंय."

"व्हय रं बाबा, मीच सांगितलं," फोनमधली आजी हताश होऊन म्हणाली.

दत्तोबांनी नाक वर करून हवेत वास घेतला. "कुशलराव, कायतरी करपतंय बगा."

दूध! म्हणजे गॅस चालूच होता. आणि त्याच वेळी झोळीची कुरकुर थांबली.

"स्वरदू?"

उत्तर नाही.

"स्वरदा! बाळ कुठंय? ए बाळा, बोल की!"

करपल्याचा वास वाढतच होता. दत्तोबा खांदा लावून दार ढकलत होते आणि दार दाद देत नव्हतं. कुशल उंबऱ्याशी बसला. डोळ्यांपुढे नको नको ते येऊ लागलं आणि तो चौतीस वर्षांचा माणूस लंगोटात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागला. इतका तो आयुष्यात कधी भ्याला नव्हता.

फटीतून बारीक आवाज आला. "कोण रडतंय?"

"मी गं... पप्पा..."

थोडा वेळ विचार झाला. चोर रडल्याचं आजीने काही सांगितलं नव्हतं. कडी सरकली.

"रडू नको पप्पा," स्वरदा म्हणाली. "गेली तर जाऊ दे लक्ष्मी."

कुशल आत धावला. विराज झोळीत पडून पायाचा अंगठा चोखत होता. देव्हाऱ्यातला दिवा शांत जळत होता. दुधावर जाड साय धरली होती, पातेलं गार होतं आणि गॅसचं बटण बंद. त्याने विराजला उचलून छातीशी धरलं आणि तिथेच फरशीवर बसकण मारली. मग मनात आलं, करपतंय तरी कुठं?

"कुशलराव!" मागचं दार धडाधड वाजू लागलं. "उघडा बिगीबिगी! वांग्याची भाजी गॅसवर ठिवून आलोय! घरात कोण न्हाय, अन् हिकडून भित चढता यीना मला!"

कुशलने मान वळवली. कडी पुन्हा सरकवलेली होती आणि स्वरदा दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी होती.

"उघड बाळा, दत्तोबा आबांना घरी जायचंय."

"दिवा लावलाय," स्वरदा म्हणाली. "आबाला आधी रडाय सांग."

दाराबाहेर दत्तोबांनी, आधी बारीक आणि मग चांगला मोठ्याने, गळा काढला.