इंदूआत्या आणि सरकारी ऊन

आमची इंदूआत्या रोज सकाळी सूर्याची हजेरी घेते. तेलगावातल्या आमच्या घराच्या गच्चीवर ती कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि पूर्वेकडे तोंड करून त्याला झापते.

"आज बी उशीर. सरकारी ऊन हाय मेलं. अकराला येतंय, चारला जातंय, आन मधी ढगाआड जाऊन च्या पितंय."

मेमधल्या ज्या उन्हात आम्ही दाराची कडी धरताना हातावर रुमाल घेतो, त्या उन्हाबद्दल हे चाललेलं असतं. तिच्या मते खरं ऊन ती लहान असताना पडायचं. हल्लीचं नुसतं दाखवायला.

सूर्याशी असं बोलायचा तिला हक्क आहे, कारण त्यांचं भांडण जन्मापासूनचं. आत्या सूर्यमुखी आहे. कातडीत रंगच तयार होत नाही अशी माणसं असतात, त्यांतली. केस, पापण्या, भुवया, सगळं पांढरंशुभ्र. लहानपणीही असंच होतं. उजेडात डोळे मिटतात, लांबचं धूसर दिसतं. अशा माणसानं सावली धरून राहावं. आत्या उन्हाळाभर गच्चीवर असते, कारण अख्ख्या गल्लीच्या कुरडया, पापड आणि सांडगे तिच्या ताब्यात असतात. डोळ्यांना वेल्डिंगवाल्याकडून आणलेला काळा चष्मा, अंगात साडीवरून आमच्या अप्पांचा जुना सदरा, बाह्या कोपरापर्यंत वर. डोक्यावर पदर घे म्हटलं तर म्हणते, "पदर सांभाळू का चीक सांभाळू?"

दिसतं कमी, पण सुटत काही नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की वरून आवाज येतो, "बाळ्या, डाव्या पायातली चप्पल झिजली तुझी. बदल."

बाळ्या म्हणजे मी. वय बावन्न, हुद्दा मुख्याध्यापक. शाळेत मी नुसता खाकरलो तरी वर्ग गप्प होतो. मे महिन्यात मी गच्चीच्या कोपऱ्यात काठी घेऊन कावळे हाकतो, आणि कावळे माझ्याकडे कुठल्याही पालकापेक्षा कमी आदरानं बघतात.

आत्याचं दुसरं वेड म्हणजे पाव्हणे. गल्लीत अनोळखी गाडी शिरली की गच्चीवरून चौकशी होते, "कुनाकडचे पाव्हणे?" उत्तर येईपर्यंत ती खाली उतरलेली असते. त्यातही पोरगी बघायला आलेले पाव्हणे असले तर विचारूच नका. ती बोलावण्याची वाट बघत नाही. वेल्डिंगचा चष्मा लावून थेट सतरंजीवर, मुलाच्या समोर. मुलीकडचे धास्तावतात, मुलाकडचे घाम पुसतात. "पोराला सैपाक येतो का?" हा तिचा पहिला प्रश्न. एकदा एका नवरदेवानं घाबरून वरणाची कृती सांगितली होती.

मला वाटायचं, लग्न झालं नाही, म्हणून दुसऱ्यांच्या लग्नात लुडबुडते. आम्ही शिकलेली माणसं असे निष्कर्ष फार पटकन काढतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला शेजारच्या वर्षानं आत्याचं कपाळ पाहिलं. वर्षा बी.एड. झालेली, पण तिची खरी पदवी आत्याच्या हाताखाली मिळवलेली, कुरडयांतली. आत्याच्या कपाळावर आणि हातांच्या पाठीवर खरबरीत, लालसर चट्टे होते. मी ते रोज बघत होतो. मला वाटलं, चीक वाळलाय.

"सर, हे चीक न्हाई," वर्षा म्हणाली. "धुतल्यावर बी जाईना."

आम्ही संभाजीनगरला कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई होत्या. त्यांनी भिंगातून बघितलं, छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला त्यांनी स्वच्छ सांगितलं, "आजी, हा कॅन्सर नाही. पण असंच सोडलं तर यातला एखादा डाग कॅन्सरकडे जाऊ शकतो. आत्ता काढले तर सुटलात."

"उन्हानं केलं का हे?"

"उन्हानंच."

आत्यानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. "म्हनलं न्हवतं? लई हरामखोर हाय ते."

मग बाईंनी उपचार सांगितला. डागांवर मलम लावायचं, दोन-तीन तास झाकून ठेवायचं. बिघडलेल्या पेशी ते मलम जास्त शोषतात. त्यावर लाल दिव्याचा उजेड सोडला की त्या पेशी मरतात, चांगली कातडी राहते. दिव्याखाली आग होते, मुंग्या चावल्यासारखी.

"म्हंजे उजेडानं घान केली ती उजेडालाच काढाय लावायची," आत्या म्हणाली. "हे बेस हाय."

"आणि नंतर दोन दिवस ऊन नाही, झगझगीत दिवा नाही. मलम कातडीत असतं तोवर साधा उजेडही भाजतो. पडदे लावलेल्या खोलीत राहायचं. मंद बल्ब चालेल."

आत्या उठली. "चल बाळ्या."

"अगं, दोनच दिवस."

"आगीचं मला काई न्हाई. मुंग्या चावू द्या, इंचू चावू द्या. खोलीत मी बसनार न्हाई."

परतीच्या वाटेवर मी तिला शाळेतला अख्खा विज्ञानाचा तास ऐकवला. बीड येईपर्यंत ती झोपली होती. निदान तसं दाखवत होती. घरी मी जाहीर केलं की हा सगळा कुरडयांचा लोभ आहे, गहू भिजत पडलेत म्हणून ही जीव धोक्यात घालतेय.

अप्पा, म्हणजे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ. दिवसभरात चार वाक्यं बोलतात. त्या संध्याकाळी त्यांनी सगळी एकदम खर्च केली. मी आणि वर्षा ओसरीवर होतो.

"गव्हाचं न्हाई ते," अप्पा म्हणाले. "थोरल्या बयाक्काला बघाय पाव्हणे यायचे, तवा ह्या इंदूअक्काला कोठीच्या खोलीत घालायचे. पाव्हन्यांनी बघू नये, सोयरीक मोडंल म्हनून. दार लावून मला भायेर बसवायचे. आतून ती हळूच इचारायची, पाव्हणे गेले का रे? मी म्हनायचो, न्हाई अजून. लई येळ जायचा. बयाक्काचं झालं, मग दुसऱ्या भैनीचं, सुभद्राचं. तवर ही मोठी झालती. तिला बघाय कुनी आलंच न्हाई."

 मी उठून विनाकारण पंख्याचं बटण दाबून आलो.

वर्षा उठली आणि जिन्यानं वर गेली. मीही मागे गेलो.

"आत्या, मला बघाय पाव्हणे येनार हायेत, युसूफ वडगाव गावचे. शनवारी."

"ठावं हाय. मी येनार हाय."

"तुमी न्हाई यायचं. कार्यक्रम कोठीच्या खोलीत करायचा, तुमच्याजवळ. तुमी शुक्रवारी त्या दिव्याखाली बसून या. पडदे लावू, बारका बल्ब लावू. ज्याला मला बघायचंय त्यानं तिथं यावं."

आत्या बराच वेळ सांडगे उलटत राहिली. "आन अंधारात ते बघनार काय, डोंबल?"

"माझं तसंच म्हननं हाय," वर्षा म्हणाली.

शुक्रवारी आत्या दिव्याखाली बसली. डोळ्यांवर दवाखान्याचा चष्मा, समोर छोटा पंखा. आग होत असणार, कारण माझा हात तिनं असा दाबला की मला पुढे आठवडाभर सह्या करताना त्रास झाला. पण तोंडातून हूं की चूं नाही. उलट दिव्याचं कौतुक.

"हा कामाचा हाय. हजेरी लावून पळत न्हाई." आणि मग डॉक्टरांना, "बाई, असला एक दिवा गच्चीवर बसवला, तर कुरडया किती येळात वाळतील?"

बाईंना दिवा बंद होईपर्यंत हसू आवरलं नाही.

अंधार पडल्यावर तिला शालीत गुंडाळून घरी आणलं. शनिवारी दुपारी युसूफ वडगावचे पाव्हणे आले आणि कोठीच्या त्याच खोलीत, जाड पडद्यांआड, एका मिणमिणत्या बल्बखाली बसले. उन्हातून आत आल्यामुळे त्यांना सुरुवातीला काहीच दिसेना. मुलाचे मामा आमच्या अप्पांना 'वहिनी' म्हणाले. चहा द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी एका जाड, गप्प पाव्हण्यापुढे ट्रे धरून "घ्या ना, संकोच करू नका" असं तीनदा म्हणालो. ते गव्हाचं पोतं होतं.

"तुमी दिसाय कशा का असंना," मुलगा वर्षाच्या आवाजाच्या दिशेनं म्हणाला, "पन शाळेत नोकरी लागली तर करनार का?"

"करनार. तुमाला सैपाक येतो का?"

खोलीत कोणीतरी अभिमानानं खाकरलं. ती आत्या होती.

शेवटी मुलाच्या आईला राहवेना. "समदं बरं हाय. पन पोरगी काळी का गोरी, काई कळंना बगा."

"गोऱ्या रंगाचं मला इचारा," कोपऱ्यातून आत्याचा आवाज आला. तिनं पुढे सरकून आपला चेहरा बल्बच्या थोड्याशा उजेडात आणला. कपाळ लालबुंद, बाकी सगळं दुधासारखं. "ह्या अख्ख्या तालुक्यात माझ्याएवढं गोरं मानूस न्हाई. मला कुनी केली का? रंगात काई नसतंय, बाई. पोरीचा हात बगा, कुरडई कशी सुटसुटीत पाडतीया ते बगा."

 मग मुलाच्या आईनं अंधारात चाचपडत वर्षाचा हात शोधला. पहिल्यांदा माझा सापडला, तो तिनं सोडून दिला.

आत्याच्या कपाळाची खपली पुढच्या आठवड्यात गळून पडली आणि खालून गुलाबी, बाळासारखी कातडी आली. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी भिंग ठेवून टाळी वाजवली. आता आत्या सुपाएवढी टोपी घालून, हाताला ऊन अडवणारं मलम चोपडून, कलत्या उन्हात गच्चीवर जाते. सकाळचं झापणं मात्र जिन्याच्या सावलीतून चालू आहे. वर्षाच्या लग्नात ती पहिल्या रांगेत बसली होती, वेल्डिंगचा चष्मा लावून.

पण मला आठवते ती शनिवारची संध्याकाळ. पाव्हण्यांना गाडीपर्यंत सोडून मी परत आलो. अप्पा कोठीच्या दाराबाहेर पाटावर बसले होते, कोणी न सांगता. आतून हळूच आवाज आला.

"पाव्हणे गेले का रे?"

"गेले, अक्का," अप्पा म्हणाले. "व्हय म्हनून गेले."

 आत बाज करकरली.

"मग दार वड तेवढं," आत्या म्हणाली. "जरा पडते."