चौबळकाका आणि काकूंची खार

चौबळकाकांकडे कोणतीही वस्तू दुरुस्तीला दिली की ती हमखास चालू होऊन परत यायची, फक्त पूर्वीपेक्षा हळू चालायची. पूर्वीसारखी करून द्या म्हटलं तर करूनही द्यायचे, पण तोंड पाडून.

वाशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि आम्ही बरोबर त्यांच्या खाली. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. तेव्हा दारावर चिमणीच्या चिवचिवाटाची बेल लावायची टूम होती. समोरच्या जोशीबाईंची बेल बिघडली, ती काकांनी नेली आणि नीट करून आणून लावली. त्या दिवसापासून जोशीबाईंच्या दारात चिमणीऐवजी सर्दी झालेली कोंबडी बोलायला लागली. बाई तक्रार घेऊन वर गेल्या. काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "वहिनी, आता निदान ऐकू तरी नीट येते. इतकी घाई कशाला? जहाज लागलंय का?"

हे त्यांचं पेटंट वाक्य. नोकरीची शेवटची वर्षं न्हावा शेवाच्या बंदरात गेली, क्रेनच्या मेंटेनन्समध्ये. तिथे जहाज धक्क्याला लागलं की हातातला घास हातात राहायचा. रिटायर झाल्यावर त्या घाईचा सूड काका सगळ्या जगावर उगवत होते. रिक्षावाल्याने गाडी दामटली की जहाज लागलंय का. कुकरने लागोपाठ शिट्ट्या दिल्या की जहाज लागलंय का. सोसायटीच्या सत्यनारायणाला गुरुजींनी चौथ्या अध्यायात स्पीड वाढवला, तेव्हाही काकांनी हात जोडलेल्या अवस्थेतच हा प्रश्न विचारला होता. पाचवा अध्याय मग इतका सावकाश झाला की शिरा गार झाला.

पण त्यांचा खरा जीव व्हिडिओ गेममध्ये होता. खेळण्यात नाही, उघडण्यात. नवीन मशीनकडे ते बघायचेही नाहीत. लोकांनी वापरून माळ्यावर टाकलेली जुनी मशीनं आणायची, जेवणाच्या टेबलावर मांडायची आणि त्यांची चाल बदलायची. मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. आत पत्र्याच्या टिकलीएवढ्या डबीत एक क्रिस्टल असतो, तो ठोका देतो. जसा ठोका, तशी मशीनची चाल. क्रिस्टल बदलला की चाल बदलली. इतकं सोपं, असं ते म्हणायचे आणि मग दोन तास टेबलावरून मान वर काढायचे नाहीत.

हे क्रिस्टल ते लॅमिंग्टन रोडवरून आणायचे आणि काकूंच्या जुन्या मसाल्याच्या डब्यात ठेवायचे. जिऱ्याच्या वाटीत जलद, हळदीच्या वाटीत मध्यम आणि धण्याच्या वाटीत सगळ्यात संथ. एकदा काकूंच्या बहिणीने फोडणीसाठी तोच डबा उघडला होता. त्यानंतर डब्यावर लाल कागद चिकटवला गेला. टेबलावरचं प्लास्टिक सोल्डरिंगच्या डागांनी देवीचे व्रण उठल्यासारखं झालं होतं आणि राळेचा वास जिन्यात असा भरायचा की नवीन येणाऱ्याला वाटे, तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी फार देवभोळं राहतं.

त्यांच्या हातून सुटलं असं एकही मशीन बिल्डिंगमध्ये नव्हतं. आमचंही नाही. आमच्याकडे ते श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, स्वतःसाठी आणलं होतं. ऑफिसातून आला की तो टाय न काढता मोटारींची शर्यत खेळायचा. त्याचं बटण अडकायला लागलं म्हणून मशीन वर दिलं. परत आलं तेव्हा बटण लोण्यासारखं चालत होतं आणि श्रीकांतची रेसिंग कार बैलगाडीसारखी. मागचं संगीत तर लग्न आटोपून, जेवून घरी निघालेल्या बँडसारखं वाजत होतं. श्रीकांत तणतणत वर गेला. काकांनी त्याला विचारलं, "रस्त्याच्या कडेला डोंगर आहेत, ते कधी बघितलेस? कुणीतरी बसून काढलेत रे ते."

श्रीकांत खाली आला आणि मला म्हणाला, "डोंगर आहेत खरे."

दुसऱ्या दिवशी काकांनी जुना क्रिस्टल परत बसवून दिला. एवढं सगळं करून ते स्वतः कधीच खेळायचे नाहीत. त्यांच्या घरात खेळायच्या त्या काकू.

निर्मलाकाकू हार्मोनियम शिकवायच्या. बिल्डिंगमधल्या निम्म्या मुली त्यांच्याकडे सारेगम शिकल्या. मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. शिकवणी बंद झाली, पेटीवर खोळ चढली आणि काकूंनी ती परत काढली नाही. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून काकांनी कुठूनसं एक काळं मशीन आणलं. त्यात एक खेळ होता. एक खार झाडाझाडावरून उड्या मारत फळं गोळा करते, मध्ये खड्डे येतात, ते चुकवायचे. काकूंना तो खेळ इतका आवडला की दुपारी त्यांच्या घरी गेलं की खारीचा मुक्काम जंगल, गुहा की बर्फ, ते आधी कळायचं आणि मग चहा मिळायचा. वर्ष-दीड वर्ष झालं तरी काकूंचा खेळ उतरला नव्हता. आम्हाला सगळ्यांना त्याचं फार कौतुक होतं.

एका रविवारी आम्ही दोघं वर चहाला गेलो होतो. काकू खेळत होत्या. श्रीकांत काही वेळ बघत राहिला आणि सहज बोलून गेला, "काका, ही तर आमच्या गाडीपेक्षाही स्लो केलीत तुम्ही."

काकांच्या हातातली बशी वाजली. "व्होल्टेज," ते मोठ्याने म्हणाले. "आज सेक्टरमध्ये व्होल्टेज फार लो आहे."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. काकूंनी मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आमच्याकडे आले. पायात चप्पल नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसले, चहा नको म्हणाले. मग हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. काकूंची बोटं दर काही महिन्यांनी थोडी आणखी मंदावत होती. बटण दाबायला उशीर व्हायचा आणि खार खड्ड्यात पडायची. पहिल्यांदा तसं सारखं व्हायला लागलं तेव्हा काकूंनी रिमोट खाली ठेवला आणि पेटीच्या खोळीकडे बघत बसल्या. ते काकांना बघवलं नाही. दुसऱ्या दुपारी काकू झोपल्यावर त्यांनी मशीन उघडलं आणि जरासा संथ क्रिस्टल बसवला. खार उड्या मारायला लागली. तेव्हापासून काकूंची बोटं एक पायरी उतरली की काका मशीनही एक पायरी उतरवत होते, इतक्या हलक्या हाताने की फरक कळू नये. काकूंचं मशीन बिघडायला नको म्हणून प्रत्येक नवीन क्रिस्टल आधी दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनमध्ये लावून बघायचे. बेलचं काय, तर ती सवयच लागली हाताला.

"तिला वाटतंय, हात तिथेच थांबलाय," काका म्हणाले. "श्रीकांतला सांगशील ना, सुषमा? परत काही बोलू नकोस म्हणावं."

मी सांगेन म्हटलं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मी वर गेले ती वाल सोलायला. काकूंना बिरडं खायची इच्छा झाली होती आणि भिजवून मोड आणलेले वाल सोलणं आता त्यांच्या बोटांना जमत नव्हतं. काका नारळ आणायला खाली उतरले होते. टीव्हीवर खार एका फांदीवर थांबून वाट बघत होती. काकू म्हणाल्या, "श्रीकांतला फार बोलले नाहीत ना हे?"

मी वाल सोलत राहिले.

"अगं, आयुष्यभर पेटी शिकवली मी. गाणं तेच, पण लय उतरलेली आणि सूरही खाली आलेला. हे मला कळणार नाही? पहिल्याच दुपारी कळलं."

"मग तुम्ही काकांना बोलला नाहीत?"

"काय बोलू? मला झोप लागली असं वाटलं की ते हळूच मशीन उघडतात. एखादा स्क्रू खाली पडला की स्वतःच दचकतात आणि माझ्याकडे बघतात. मी कूससुद्धा बदलत नाही." त्यांनी कापरा हात दुसऱ्या हाताखाली धरला. "माझ्या दुखण्यावर त्यांचा काही इलाज चालत नाही, सुषमा. एवढं एक त्यांच्या हातात आहे. ते असू दे. तू ह्यांना सांगू नकोस."

तेवढ्यात काका नारळ घेऊन आले. दम लागला होता, तरी आल्या आल्या टीव्हीकडे बघून म्हणाले, "थांबलीस का गं?" काकूंनी रिमोट उचलला. पुढचा खड्डा बराच रुंद होता. त्यांनी बटण दाबलं. खार फांदीवरून सुटली, हवेत सावकाश तरंगली आणि पलीकडच्या काठावर नीट उतरली.

"बघितलंस?" काका मला म्हणाले. "हिचा हात अजून कसा आहे बघ."

"सराव," काकू म्हणाल्या आणि सोफ्यावर थोड्या सरकल्या. काका त्यांच्याजवळ बसले.

मी वालाचं ताट उचललं आणि सालं टाकायला स्वयंपाकघरात गेले. तिथून त्या खेळाचं गाणं ऐकू येत होतं. त्याच्यावर काकू बारीक आवाजात गुणगुणत होत्या, लय अगदी बरोबर धरून.