बचावपटूच्या बचावाला सासूबाई

प्रसिद्धीप्रमुखांनी संगणकाचा पडदा बचावपटूकडे वळवला. फुटबॉल संघातल्या कोणत्या खेळाडूची इंटरनेटवर किती चर्चा आहे, ते त्यावर रंगीत रेघांनी दाखवलं होतं. केस सोनेरी करून घेतलेल्या आघाडीवीराची रेघ पडदा फाडून बाहेर यायच्या बेतात होती. बचावपटूची रेघ शोधायला भिंगच हवं होतं.

"लोक तुमच्याबद्दल बोलतच नाहीत हो!"

"पण मी गोल होऊ देत नाही, साहेब."

"तेच तर! न झालेला गोल बघणार कोण? महिनाभरात ही रेघ वाढवा, नाहीतर पुढच्या मोसमाचा करार विसरा."

संघासाठी वर्षानुवर्षं नडग्या फोडून घेतलेल्या माणसाला एवढं कौतुक पुरे होतं. घरी येऊन तो सोफ्यावर कोसळला.

"तूही केस रंगव की," बायको म्हणाली.

"कुठले?" त्याने टाळूवरून हात फिरवला.

सासूबाई कोपऱ्यात फोन बघत होत्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यापासून रागवायला हक्काचं कुणी न उरल्याने त्यांची प्रकृती जरा नरमच असे.

"जावईबापू, तुमचा एक फोटो टाका. बाकीचं मी बघते."

फोटो टाकताच कुणा रसिकाने लिहिलं, 'हा खेळाडू आहे की रस्त्यावरचा खांब?'

सासूबाईंनी चष्मा सावरून उत्तर दिलं, 'खांबच आहे. म्हणून तर तुझ्यासारखे येऊन पाय वर करतात.'

झालं! सकाळपर्यंत ते उत्तर घरोघरी पोचलं. सासूबाईंकडून बोलणी खायला लोकांची झुंबड उडाली. त्यासाठी आधी जावयाला नावं ठेवणं भागच होतं. मग काय, जो तो त्याला झोडपू लागला. मोजणाऱ्या यंत्राला स्तुती आणि शिव्या यांतला फरक कळत नव्हता. त्या बाबतीत ते प्रसिद्धीप्रमुखांच्या तोडीचं होतं. रेघ भराभर चढली.

पुढच्या सामन्यात चेंडू बचावपटूकडे आला आणि प्रेक्षक एका सुरात ओरडले, "सासूबाई आल्या!" बिचारा घरच्या सवयीने पाय जुळवून ताठ उभा राहिला. चेंडू शेजारून निघून गेला. गोल!

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी जाहीर केलं, 'आज आमच्या जावयाने गाढवपणा केला. घरी आला की बघते.' आघाडीवीराची रेघ त्या रात्री फारच खाली राहिली.

दुसऱ्या दिवशी सासू-जावई दोघांनाही कार्यालयात बोलावणं आलं. आता नारळ मिळणार, या खात्रीने बचावपटू खुर्चीच्या कडेवर टेकला. पण प्रसिद्धीप्रमुखांच्या चेहऱ्यावरून आनंद ओसंडत होता. त्यांनी करार पुढे सरकवला. बचावपटूचा जीव भांड्यात पडला. त्याने पेन उचललं.

"तुम्ही नाही हो," प्रसिद्धीप्रमुख म्हणाले. "सही सासूबाईंची. पुढच्या मोसमात प्रत्येक सामन्यानंतर त्या आमच्या वाहिनीवर बोलणार. तुम्ही खाली साक्षीदार म्हणून करा."

"आणि माझं खेळण्याचं?"

प्रसिद्धीप्रमुख खिडकीबाहेर बघू लागले.

सासूबाईंनी करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि चष्मा काढला. "माझी एक अट आहे. यांना संघात ठेवायचं आणि रोज सकाळी सरावाला न्यायचं. दिवसभर घरात बसले, तर मला माझं काम सुचायचं नाही."