आंधळं गवाक्ष

"कुठलीही इमारत दाखवा, चार ओळींत तिचं सोनं करतो!" असं कारकून आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. जुन्या इमारतींच्या नोंदणी कार्यालयात तो बारा वर्षं वर्णनाच्या टेबलावर होता. कमानीला नुसतं कमान म्हणणं त्याला कमीपणाचं वाटे. तिची 'नक्षीदार महिरप' केल्याशिवाय त्याचं पेन पुढे सरकत नसे.

त्यामुळे बायकोने स्वयंपाकघराला खिडकीचा ध्यास घेतला, तेव्हा अर्ज कोण लिहिणार हा प्रश्नच नव्हता. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागे. डब्यात मीठ आहे की साखर, हे चाखल्याशिवाय कळत नसे. घर जुनं, म्हणून भिंतीला हात लावायला परवानगी हवी. अर्जात रकाना होता: 'वास्तूची वैशिष्ट्ये'.

"निरंक लिहा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"निरंक? माझ्या हातून? अगं, ऑफिसात तोंड कसं दाखवू!"

पेन सुटलं. गवंड्याने कंटाळून तशाच सोडलेल्या, पुढे आलेल्या चार विटांचे सज्जा पेलणारे 'तोडे' झाले. मीटरच्या खड्ड्याचा 'कोनाडा' झाला. ओलीने फुगलेल्या गिलाव्याला 'कंगोरे' फुटले. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतली बुजवलेली खिडकी, म्हणजे जी बायकोला फोडून हवी होती नेमकी तीच, 'आंधळं गवाक्ष' झाली: उजेडासाठी नव्हे, केवळ शोभेसाठी मुळातच बंद बांधलेली खिडकी! 'अत्यंत दुर्मीळ' हेही त्याने जोडलं, कारण ओळीत जागा उरली होती.

आठव्या दिवशी पाहणी अधिकारी बाई टेप घेऊन हजर.

"वर्णन कोणाचं?"

"माझंच!"

"वा! इतक्या बारकाईनं कोणी लिहीत नाही हो. ही भिंत संरक्षित. खिळासुद्धा ठोकायचा नाही!"

कारकुनाचं हसू अर्ध्यात थांबलं. "बाई, तो कोनाडा म्हणजे... मीटरचा खड्डा आहे."

"म्हणजे काळाप्रमाणे वापर बदलला. छान!" बाईंनी टिपून घेतलं.

"आणि कंगोरे म्हणजे ओल आहे हो!"

"मग हात लावू नका. पडतील."

बायको झाऱ्यासकट बाहेर आली. "बाई, ती खिडकी मामंजींनी बुजवली. वारा लागतो म्हणून. विटा मीच हातात देत होते!"

"बुजवलेली असती तर आजच उघडा म्हटलं असतं. पण इथे 'मुळातच बंद' लिहिलंय, खाली जाणकाराची सही आहे. हां, बुजवताना पाहिलेल्या कोणाचं लेखी म्हणणं आलं तर विचार करू."

"मी लिहितो!" कारकून म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की आपणही मुळातच बंद बांधले गेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तरी त्याने लिहिलंच. तीन पानं! 'प्रस्तुत गवाक्षाचे अंधत्व जन्मजात नसून...' इथून सुरुवात. त्यातल्या वर्णनावर बाई इतक्या खूश झाल्या, की खिडकीचं राहिलं बाजूला, त्यांनी आता अख्खं घरच पहिल्या श्रेणीत घालायची शिफारस केली. त्या दिवशी भाजी गोड झाली होती. अंधारामुळे की मुद्दाम, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोने कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: 'खिडकी होती. सासऱ्यांनी माझ्यासमोर बुजवली. उघडायची आहे.' खाली सही.

"एवढंच?" कारकून कळवळला. "निदान 'सागवानी चौकटीची' तरी घाल!"

"तुम्ही हात लावू नका. पडेल."

पाचव्या दिवशी परवानगी आली. वर लाल शाईत शेरा: 'वर्णन समाधानकारक'. हा शेरा कारकुनाला बारा वर्षांत एकदाही मिळाला नव्हता. खिडकी उघडल्यावर तिच्यातल्या लख्ख उजेडात त्याने तो कागद दोनदा उलटसुलट वाचला.

"विशेषण एकही नाही," तो पुटपुटला. "पास कसं झालं कोण जाणे!"