सात पूर्णांक तीन महिने

माणूस मरतो, हे विज्ञानाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तो नेमका कधी मरतो हे मात्र ठाऊक नसल्यामुळे प्रशासनाची वर्षानुवर्षं कुचंबणा होत आली. खाटा किती लागतील, औषधं किती मागवावीत, कोणाची फाइल कोणत्या कपाटात ठेवावी, काहीच धड ठरवता येत नसे. रुग्ण आपापल्या सोयीने जात (काही तर सुटीच्या दिवशीसुद्धा). ही बेशिस्त मोडून काढण्यासाठी इथल्या मोठ्या इस्पितळात अनुमान विभाग स्थापन झाला आणि तेव्हापासून मरणाच्या क्षेत्रात बरीच वक्तशीरता आली.

हा विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. काचेचं दार, पाय रुततील असा गालिचा, सात शास्त्रज्ञ, तीन रंगीत प्रिंटर. अन्ननलिकेच्या कॅन्सरवर विभागाचा विशेष जीव. गाठीचा मोहरीएवढा तुकडा काढायचा, त्यातले नऊ ट्यूमर मार्कर (कॅन्सरच्या रासायनिक खुणा) मोजायचे आणि ते संगणकाला सांगायचे. रुग्ण किती महिने जगेल हे संगणक दशांश चिन्हानंतरच्या एका स्थळापर्यंत सांगतो. (दोन स्थळांपर्यंतही सांगता येतं, पण नातेवाइकांना ते जरा निष्ठुर वाटेल, असं समितीचं मत पडलं.) उपचार विभाग तळघरात आहे. तिथे एक दुर्बीण, दोन बाकं आणि अर्धा डॉक्टर आहे. उरलेला अर्धा दुसऱ्या इस्पितळात असतो.

या सोयींचा लाभ एका निवृत्त प्लंबरला मिळाला, त्याची ही हकीकत.

चाळीस वर्षं लोकांचे पाइप मोकळे केलेल्या माणसाला आपल्या घशाखाली काय झालंय हे डॉक्टरांच्या आधीच कळलं होतं. आधी कोरडा पाव अडकू लागला, मग दुधात भिजवलेला, मग नुसतं दूधही घुटमळत उतरू लागलं. खाली कुठेतरी वाट अरुंद झाली आहे, असं त्याने बायकोला सांगितलं. गिऱ्हाइकाला सांगायचा तोच सूर.

सोमवारी त्याला टेबलावर घेतलं. दुर्बीण आत गेली, अडथळा दिसला, तुकडा काढला आणि दुर्बीण बाहेर आली. वाट मोकळी झाली असणार या समजुतीने त्याने पाणी मागितलं, तर त्यातलं निम्मं तसंच उलटं आलं. सिस्टरने समजावलं की आत फुगा घालून वाट रुंद करणं आणि तिथे जाळीची नळी बसवणं हे काम वेगळ्या विभागाचं असतं. त्याला वेगळा अर्ज लागतो. तुकडा काढण्याच्या अर्जावर वाट रुंद केली, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

"पाइपात तार घातली, तुंबलंय हे बघितलं, चिमूटभर गाळ डबीत भरला आणि तार गुंडाळून निघून आले," तो घरी येऊन बायकोला म्हणाला. "माझ्या हाताखालच्या कुणी असं काम केलं असतं ना, तर दुसऱ्या दिवशी त्याला दारात उभं केलं नसतं मी."

दहा दिवसांनी आकडा आला. सात पूर्णांक तीन महिने. कागद जाड होता. त्यावर एक निळी रेघ डौलाने खाली उतरत गेली होती आणि तिच्या उतारावर लाल ठिपक्याने प्लंबर दाखवला होता. विभागप्रमुख स्वतः खुर्चीतून उठून आले. इतके स्वच्छ मार्कर वर्षातून एखाद्याच रुग्णात सापडतात, असं म्हणून त्यांनी त्याचं अभिनंदन केलं. प्लंबरने विचारलं की घास कधी उतरेल. प्रमुखांनी कागद पुढून पाहिला, मागून पाहिला, अगदी मनापासून पाहिला. घासाचा रकाना नव्हता.

आकड्याने घराची प्रतिष्ठा मात्र वाढली. मेहुणा दारातूनच "किती दिले?" म्हणून विचारत आला, आणि आपल्या ओळखीतल्या एकाला तर अकरा दिले होते, असं जरा कमीपणा देणाऱ्या स्वरात सांगून गेला. शेजारपाजारचे भेटीला येऊन दाढीच्या दुकानात बसल्यासारखे आकड्यांची तुलना करत. नातेवाइकांनी आपसांत वेळापत्रक ठरवलं. लांबच्यांनी चौथ्या महिन्यात यावं, जवळच्यांनी सहाव्यात. बायको दिवसभर पाव भिजवून, कुस्करून, गाळण्यातून गाळून त्याला वाटीवाटीने पाजत असे. तिने तो जाड कागद चार घड्या घालून ओट्यावरच्या डुगडुगणाऱ्या डब्याखाली सारला.

प्लंबर तळघरात वेगळा अर्ज घेऊन गेला. कारकुनाने यंत्रात पाहून सांगितलं की पुढची मोकळी तारीख साडेआठ महिन्यांनंतरची आहे. प्लंबर म्हणाला, चालेल. कारकुनाने बटण दाबलं आणि पडद्यावर उमटलेलं वाक्य खरोखरच्या खेदाने वाचून दाखवलं: "सदर तारीख अर्जदाराच्या अपेक्षित मुदतीबाहेर पडत असल्याने नोंदणी करता येत नाही."

इथे थोडी माहिती आवश्यक आहे. दुर्बीण एकच. सोमवार ते शुक्रवार ती अनुमान विभागाला तुकडे काढायला लागते. शनिवारी ती उपचारासाठी मोकळी असते (एकाआड एक शनिवार सोडून, त्या शनिवारी ती धुतात). म्हणून उपचाराची रांग साडेआठ महिन्यांची. बहुतेकांचा आकडा साडेआठच्या आत येतो, म्हणून बहुतेकांची नोंदणी होत नाही. नियम आल्यापासून प्रतीक्षायादी एकसष्ट टक्क्यांनी घटली. त्याच काळात विभागाच्या अंदाजांची अचूकता अठ्ठावन्न टक्क्यांवरून चौऱ्याण्णववर गेली. वार्षिक अहवालात या दोन गोष्टींचा उल्लेख 'दोन स्वतंत्र यशं' असा आहे.

प्लंबरचं शिक्षण बेताचं, त्यामुळे त्याला त्या दोन्ही एकच वाटल्या. बाकावर बसून तो बोटाने हवेत पाइप जोडत राहिला. वाट मोकळी केली नाही की माणूस उपाशी. उपाशी राहिला की सांगितलेल्या महिन्यात गेलाच. गेला म्हणून मार्कर बरोबर. मार्कर बरोबर, म्हणून पुढच्याची वाट मोकळी करायची नाही. कुठेही गळती नसलेलं इतकं पक्कं काम त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. आजाराला तो घाबरला नव्हता. या हुशार माणसांना मात्र घाबरला.

सात महिने तो गाळलेल्या वाट्यांवर जगला. पट्ट्याला पाच नवी भोकं पाडावी लागली. सात पूर्णांक तीन महिने झाले त्या दिवशी बायकोच्या नावाने विभागाचं सांत्वनाचं पत्र आलं. बायको आंघोळीला गेली होती, म्हणून पोस्टमनच्या वहीवर प्लंबरने सही केली. सोबत एक छापील पोचपावती होती: 'घटना घडली / घडली नाही, नको ते खोडावे.' त्याने 'घडली' खोडलं.

विभागात धावपळ उडाली. अचूकता त्र्याण्णव पूर्णांक सहावर घसरली होती आणि परिषद पंधरा दिवसांवर आली होती. प्लंबरला 'विचलन' हा दर्जा देण्यात आला. विचलनाचा पुन्हा तुकडा काढून कारण शोधणं भाग होतं. तुकड्याला रांग नसते; दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊ वाजता त्याला टेबलावर घेतलं.

"तुकडा देतो," तो म्हणाला. "पण आत जाताच आहात, तर वाट मोकळी करून या."

"काका, अर्जात फक्त तुकडा लिहिलाय," डॉक्टर म्हणाला.

"मग नाही उघडत तोंड. मला भूक लागलीये हो, डॉक्टर. सात महिने झाले."

आणि त्याने ओठ गच्च मिटले. कार्यपद्धतीच्या एकशे बारा पानांत रुग्णाने तोंडच न उघडल्यास काय करावं याची तरतूद नव्हती. डॉक्टर काही वेळ त्या मिटलेल्या तोंडाकडे आणि आत बसलेल्या गालफडांकडे बघत राहिला. मग त्याने सिस्टरला दार लावून घ्यायला सांगितलं आणि कपाटातली जाळीची नळी काढली. कामाला चौदा मिनिटं लागली.

दुसऱ्या तुकड्यातले नऊही मार्कर जसेच्या तसे निघाले. संगणकाने पुन्हा तेच सात पूर्णांक तीन दिले. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या प्लंबर वारलेलाच होता आणि त्याचं सध्याचं जगणं तांत्रिक स्वरूपाचं होतं. प्रमुख दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना आत नळी बसवल्याचं कळलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. शेरा पडला: 'रुग्णास उपचार मिळाल्याने नमुना दूषित, सबब बाद.' अचूकता पुन्हा चौऱ्याण्णव झाली. डॉक्टरला 'विनापरवाना रुग्णहित' या सदराखाली ज्ञापन मिळालं. तोंड उघडण्याची लेखी हमी आता प्रत्येक रुग्णाकडून आधीच घेतली जाते.

नळी बसवल्याला चार दिवस झाल्यावर बायकोने बटाटा उकडला, कुस्करला, मीठ घातलं आणि गाळणं न घेता वाटी पुढे ठेवली. पहिला घास त्याने इतका वेळ चावला की ती घाबरली. मग तो गिळला. घास उतरला. तो रडायला लागला आणि रडतारडताच त्याने दुसरा घास घेतला. "सावकाश, अहो," ती म्हणाली, आणि पदराने त्याची हनुवटी पुसली.

हकीकत इथे संपली. पण वाचक जागचा उठणार नाही, कारण पुढे तो किती महिने जगला हे अजून त्याला कळलेलं नाही. विभागाकडे तो आकडा नाही. बाद नमुन्यांची मोजदाद ठेवत नाहीत. तरी ही जिज्ञासा वाया जाण्याचं कारण नाही. तिसऱ्या मजल्यावर एका शास्त्रज्ञाची जागा रिकामी आहे आणि पात्रतेची अट एकच आहे: माणूस डोळ्यांदेखत जेवत असताना उमेदवाराने आधी महिने विचारले पाहिजेत. अर्ज करू नये. तुमची निवड झालेली आहे.