सारख्या अंतराची जाळी

उजेड मोजण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! इमारत बांधण्याआधीच तिच्यात कुठे किती उजेड पडेल हे सांगणं, हे माझं ऑफिसातलं काम. कॉम्प्युटरवर जमिनीचे सारखे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकाच्या मधोमध उजेड मोजायचा. या चौकोनांना आम्ही जाळी म्हणतो. एक जरी चौकोन लहान-मोठा झाला, की सगळंच बोंबललं.

आई शिवणकाम करते. या नव्या घरात आल्यापासून तिला सुईत दोरा ओवता येईना. आता मशीन बंदच करते, असं ती परवा म्हणाली. त्या मशीनच्या खडखडाटातच आम्ही लहानाचे मोठे झालो. म्हटलं, रविवारी खोलीतली सर्वांत उजेडाची जागा शास्त्रशुद्ध शोधून देतो.

रविवारी सकाळी सगळं सामान बाहेर काढलं, पडदेही उतरवले. छोट्या खिडकीपाशी आईचं मशीन होतं, मोठ्या खिडकीपाशी माझं टेबल. काय चाललंय, असं बायकोने विचारलं.

"खोलीत जाळी टाकतोय," मी म्हटलं. "चौकोन सगळे सारखे हवेत."

ती इतकी खूश झाली, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुपारपर्यंत खडूने त्रेसष्ट चौकोन आखले, जेवलो आणि अंमळ लवंडलो. उठल्यावर स्टुलावर उजेड मोजायचं यंत्र ठेवून चौकोनाचौकोनातून रांगलो. नजर फरशीवरून ढळू दिली नाही. निकाल लागला: सर्वांत जास्त उजेड छोट्या खिडकीपाशी! मशीन होतं तिथेच बरोबर आहे, असं मी आईला मोठ्या ऐटीत सांगितलं.

 आई म्हणाली, "तिथेच तर दिसत नाही रे. म्हणजे माझे डोळेच गेले."

तिने मशीनवर झाकण घातलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बायको डोकावली. "जाळी आवडली का? तू झोपला होतास, म्हणून जाळीवाल्याला आवाज न करता बसवायला सांगितलं. सहा महिने मी तुझ्या मागे लागले होते, आज एकदाचं मनावर घेतलंस."

मी दिवसात पहिल्यांदा मान वर केली. मोठ्या खिडकीला डासांची दाट, काळी जाळी बसली होती. चौकोन अगदी सारखे होते, तक्रारीला जागाच नव्हती.

जाळी उतरवली. मी पुन्हा रांगायच्या तयारीत होतो, तोवर आई सुई-दोरा घेऊन खोलीत फिरू लागली. एका जागी थांबली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला.

"इथे," ती म्हणाली, आणि हसली. मी तरीही त्रेसष्टच्या त्रेसष्ट चौकोन पुन्हा मोजले. तिच्याच चौकोनाचा पहिला नंबर!

त्या चौकोनात आधी माझं टेबल होतं. स्क्रीनवर चमक येते म्हणून मी तिथे वर्षभर पडदा ओढून, दिवा लावून लोकांच्या घरातला उजेड मोजत बसलो होतो.

आता तिथे मशीन चालतं. माझं टेबल छोट्या खिडकीपाशी गेलंय. पैसे दिलेली जाळी वाया कशाला घालवायची, म्हणून बायकोने ती कापून याच खिडकीला बसवली. डास मोठ्या खिडकीतून येतात.